हात मांडीखाली

आमच्या सूनबाईला कॉलेजातून घरी पाठवायची वेळ आली होती, ती आळसामुळे नव्हे. फार काम करते म्हणून. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. मलाही वाटलं होतं. आळशी माणसाला लोक बोलतात ते जन्मभर ऐकलं, पण कामसू माणसाला कुणी "जरा गप्प बसा, नाहीतर घरी जा" म्हटलेलं मी सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघितलं.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातही पहिली दोनदा. तेव्हा लिहिताना आडवंतिडवं झालं तर सांभाळून घ्या. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली, शाळांचे गणवेश शिवले. टीप सरळ मारता येते. ओळ सरळ येते का ते आता बघू.

सून आमच्या घरी आली तेव्हा वीस वर्षांची होती, आता एक्केचाळीसची आहे. मधल्या एवढ्या वर्षांत मी तिला रिकामी बसलेली दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा तिला ताप होता. वाटेत काही पडलेलं दिसलं की उचलणार, उचललं की पुसणार, पुसलं की जागेवर ठेवणार, आणि जाता जाता ती जागाही पुसणार. माझा मुलगा बस चालवतो. तो म्हणतो, "मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो धुतलेला असतो. एकदा तर अर्धा चहा आतच होता."

तिची शाळा सातवीत सुटली. पाठची चार भावंडं होती, त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं होतं. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, पण सामान बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. नात मोठी झाली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली, आणि तिची शाळेची पुस्तकं फळीवर राहिली. त्या फळीवरची धूळ आमची सून रोज पुसायची. अर्धा अर्धा तास.

"एवढी धूळ येते कुठून गं?" मी एकदा विचारलं.

"इतिहासाची आहे आई. जुनी आहे, निघत नाही," ती म्हणाली आणि पान उलटलं.

मग एक दिवस पाव ज्या कागदात बांधून आला, त्या कागदावरच जाहिरात छापलेली होती. आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर साबणाचा एक जुना कारखाना आहे. तो बंद पडला आणि तिथे एक छोटं कॉलेज निघालं. आम्ही त्यांचाच पाव खात होतो, पण तिथे शिकवतातही हे मला ठाऊक नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: सकाळी काम, दुपारी अभ्यास. वयाची अट नाही, आधीच्या शिक्षणाची अट नाही. हात चालले पाहिजेत आणि डोकं चालवायची तयारी पाहिजे.

सुनेने तो कागद तीनदा वाचला, घडी केली, डब्याखाली ठेवला, काढला, परत वाचला. मी म्हटलं, "आता काय तोंडपाठ करणार आहेस? जा आणि नाव घाल."

"आणि घरचं कोण बघणार?"

"घर कुठे पळून जातंय? आणि तुझा नवरा दुपारनंतर बस चालवतो. सकाळी तो काय करतो, तर पेपर वाचतो आणि देश चालवतो. देश थोडे दिवस थांबेल."

पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेले. एकवीस वर्षांपूर्वी हात धरून तिला घरात घेतली होती, आता तसाच हात धरून बाहेर सोडत होते. भिंतींना अजून साबणाचा वास होता, त्यामुळे सगळी इमारतच नुकती आंघोळ करून आल्यासारखी वाटायची. एकतीस विद्यार्थी आणि पाच शिकवणारे. शिपाई नाही, स्वयंपाकी नाही, झाडूवाला नाही. भट्टी, सुतारशेड, भाजीचा मळा, धुलाई, छपराची दुरुस्ती, सगळं त्यांचं तेच करायचे. तिथल्या मुख्य बाई पन्नाशीच्या होत्या, उंच, केस बारीक कापलेले. मी गेले तेव्हा त्या हातात ब्रश घेऊन संडास घासून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार आजी. आज गुरुवार, माझी पाळी."

त्यांनी मला तिथली पद्धत समजावून सांगितली. नवा आलेला माणूस पहिले तीन महिने कच्चा. त्याला जे काम आधीपासून येतं ते द्यायचं नाही, येत नाही तेच द्यायचं. तीन महिने झाले की सगळे एकत्र बसतात, विद्यार्थी आणि शिकवणारे सारखेच. एकेक जण त्या माणसाबद्दल बोलतो आणि शेवटी म्हणतो, पक्का की कच्चा. दहा जणांनी कच्चा म्हटलं की घर. पक्का ठरला तर त्याला जाड निळ्या कापडाचा तुकडा मिळतो. त्यातून आपला एप्रन आपणच शिवायचा. दुसऱ्या कुणी एक टाकाही घालायचा नाही.

ते एप्रन मला येताक्षणीच दिसले होते. आणि एकदा दिसले ते दिसेनासे होईनात. कुणाचा खिसा एका बाजूला ढळलेला, कुणाची कड गाठोड्यासारखी दुमडलेली, एकाचा बंद तर पाठीऐवजी पोटावर आलेला. मी बाईंना म्हटलं, "आठ दिवस द्या. सगळेच्या सगळे मी नीट शिवून देते. फुकट."

बाई हसल्या. "नाही आजी," म्हणाल्या.

मला वाटलं, शिकलेल्या लोकांना संकोच फार.

सुनेला भट्टी मिळाली. ती स्वयंपाकघर मागत होती, पण ते तिला येत होतं, म्हणून नाही. पाव तिने जन्मात कधी भाजला नव्हता. भट्टीवर एक टकले मास्तर होते, दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. प्रत्येक नव्या माणसाला कामात एक जोडीदार असायचा. हिची जोडीदार एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, तीही भट्टीवर नवीच, तिला सगळे चिमणी म्हणायचे. दिसायला चिमणी, आवाज चिमणीचा, आणि कामाचा उरकही चिमणीइतकाच. घरी कधी तिने चूलही पेटवली नव्हती. अभ्यासात मात्र हुशार. भूमिती म्हणजे तिच्या हातचा मळ. पिठाचा मळ तेवढा हाताला माहीत नव्हता.

पंधरा दिवसांत आमची सून पाव शिकली. यीस्ट कोमट पाण्यात कसं कालवायचं, पीठ किती मळायचं, गोळा ताणून उजेडाकडे धरला तर पापुद्रा फाटता कामा नये, मग फुगू द्यायचं, दाबायचं, साच्यात घालायचं, परत फुगू द्यायचं. घरी येऊन मला सगळं सांगायची. डोळे चमकत असायचे. मी विचारायचे, "आणि ती चिमणी?"

"तिचं काय. बारीक हात तिचे. तिला म्हटलं, तू बस, मी करते."

मी मान डोलवली. मला वाटलं, किती गुणाची माझी सून. दुसऱ्याचं काम अंगावर घेते.

दुपारच्या वर्गात मात्र गुणाची सून वहीवर डोकं ठेवून झोपायची. कारण भट्टी उरकल्यावर ती धुलाईत जायची, तिथे कुणाचे कपडे वाळले असतील तर घड्या घालायची, मग मळ्यात कुणी वाफा वाकडा केला असेल तर तो सरळ करायची. दोन चाचण्या झाल्या. दोन्हीत तिचा कागद निम्म्याहून कोरा होता. हे तिने मला सांगितलं नाही. वहीत दुमडलेले कागद मलाच सापडले, आणि कोरं काय आहे हे कळायला दुसरी पुरते.

दोन महिने झाले असतील. एका सकाळी मी पायरीवरून घसरले आणि पाय मुरगळला. मोडला नव्हता, नुसता सुजला होता. मुलगा घरीच होता. पण सून म्हणाली, "मी थांबते." दोन दिवस थांबली. मला पाणी देणं, पायाला शेक देणं, ही कामं तिचा नवरा करू शकला असता. तो करायला लागला की ती म्हणायची, "सोडा, तुम्हाला नाही जमणार." आणि तोही लगेच सोडायचा. पुरुषाला हे वाक्य दोनदा ऐकावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुख्य बाई घरी आल्या. आम्हाला वाटलं पाय बघायला आल्या. त्यांनी पाय बघितला, चौकशी केली, मग पिशवीतून एक पाव काढला आणि टेबलावर ठेवला. टक् असा आवाज झाला. पावाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"परवाचा," बाई म्हणाल्या. "असे चाळीस झाले. शेजारच्या शाळेत मुलांना जातो तो आपला पाव. त्या दिवशी मुलांना नुसत्या भाजीवर भागवावं लागलं. सुतारशेडवाल्यांनी पाच नेले, दाराला अडकण म्हणून लावलेत."

"अगं बाई," सून म्हणाली. "मास्तर कुठे होते?"

"पीठ आणायला गेले होते. चिमणी एकटी होती. तिने यीस्ट उकळत्या पाण्यात कालवलं."

"उकळत्या? मरून गेलं असणार ते. एवढं साधं कळू नये तिला?"

"कसं कळणार? दोन महिन्यांत तुम्ही तिला यीस्ट किती वेळा कालवू दिलंत?"

सून म्हणाली, "तिला जमत नव्हतं हो."

"न जमणारं जमवायलाच ती आली होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तिचे दोन महिने खाल्लेत. तिचे खाल्लेत आणि स्वतःचेही. चाचण्यांचे कागद मी बघितलेत. आता चिमणी बॅग भरतेय, घरी जाते म्हणतेय. महिनाभराने तुमची बैठक आहे. आज असती तर मीच कच्ची म्हटलं असतं."

आळशीपणाचा आरोप असता तर तिला उत्तर देता आलं असतं. ती उठली आणि बाईंच्या पुढचा रिकामा कप उचलायला लागली. बाईंनी कपावर हात ठेवला. "माझा आहे," म्हणाल्या, आणि स्वतः धुऊन गेल्या.

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ त्या पावाकडे बघत बसले. काय आठवलं ते लिहिते, कारण ते लपवलं तर गोष्ट खोटी होईल. सून नवी होती तेव्हा तिला शिवण शिकायचं होतं. माझ्या मशीनवर बसायची. तिची टीप वाकडी जायला लागली की माझ्या हाताला खाज सुटायची. मी म्हणायचे, "दे इकडे." दहा वेळा बसली असेल, दहा वेळा मी तिच्या हातून कापड काढून घेतलं. अकराव्या वेळी ती बसली नाही. आज एकवीस वर्षांनी तिला साधं बटण लावता येत नाही, ते मी लावते. आणि घरात पाऊल टाकल्यावर तिला पहिला धडा कुणी दिला? काम विचारून करायचं नसतं, दिसलं की करायचं. मीच दिला.

तेव्हा चिमणीचे दोन महिने खाल्ले तिने, पण पंगत माझ्या घरची होती.

त्याच दुपारी ती चिमणीकडे गेली. कॉलेजच्या माडीवर राहणाऱ्यांच्या खोल्या होत्या. तिथे काय झालं ते तिने घरी आल्यावर सांगितलं.

चिमणी बॅग भरत होती. कपडे नुसते कोंबत होती. आमच्या सुनेचा हात आपोआप पुढे गेला. एक सदरा उचलला आणि घडी घातली. चिमणी थांबली.

"भरा काकू," ती म्हणाली. "बॅगसुद्धा तुम्हीच भरा. मला कुठे येतंय."

सुनेने सदरा खाली ठेवला. समोरच्या खाटेवर बसली. हातांचं काय करायचं कळेना, म्हणून दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली. चिमणीने अर्धा तास घालवून बॅग भरली. चेन लागेना. तिने गुडघा दिला, पाय दिला, शेवटी बॅगेवर बसली, तर चेन तुटली. सून मला म्हणाली, बोटं सुजली तरी हात काढले नाहीत.

चिमणी तुटकी चेन हातात धरून म्हणाली, "तुम्ही अशा का बसलात?"

"हात बांधून ठेवायला दोरी नव्हती म्हणून," सून म्हणाली. "तू जाऊ नकोस. महिनाभर भट्टी तू कर. मी अशीच बसेन."

"तुम्हाला जमणार नाही."

"हेच मी तुला दोन महिने सांगत होते," सून म्हणाली. तेव्हा चिमणी हसली आणि कपडे परत बाहेर काढायला लागली. तेही कोंबूनच फळीवर ठेवले.

बोलणं सोपं असतं. मुलगा म्हणाला, "जित्याची खोड आहे. एका महिन्यात कशी जाणार?" मी म्हटलं, सराव केला तर जाईल. शिवणसुद्धा सरावानेच येते. आणि सरावाला लागणारा कच्चा माल घरात होताच, तो म्हणजे माझा मुलगा.

रविवारी सकाळी सुनेला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, हात मांडीखाली. मुलाच्या हातात सुरी आणि चार कांदे दिले. त्याने कांदा असा चिरला की एकेक फोड उशीएवढी. सून कण्हली.

"अहो, निदान साल तरी..."

"तू नाकाने कांदे सोलू नकोस," तो म्हणाला. "मी सुरीने सोलतोय."

"आई, बघा ना, तेल धुरावलंय."

"माझ्या नाकाला येतोय वास," मी म्हटलं. "तू नाक वापर, हात नको."

कांदा काळा झाला. भाजी खारट झाली. आम्ही तिघांनी ती खाल्ली. दुसऱ्या रविवारी मीठ बेताचं होतं. तिसऱ्या रविवारी फोडी अर्ध्या झाल्या, आणि त्याने न सांगता ओटाही पुसला. त्याचा पुसलेला ओटा परत पुसायला सुनेचा जीव तडफडत होता, पण ती स्टुलावरून उठली नाही. उठली ती थेट पुस्तक घेऊन खिडकीत जाऊन बसली. एवढा वेळ आपल्याकडे आहे याचंच तिला नवल वाटत होतं. म्हणाली, "आई, मी काहीच केलं नाही आणि जेवण झालं."

"होतं," मी म्हटलं. "मलाही आत्ताच कळतंय."

भट्टीवर तिने अर्धं काम चिमणीचं, अर्धं आपलं असं ठरवून घेतलं. चिमणीची पाळी आली की ही भिंतीला टेकून बाकावर, हात मांडीखाली. चिमणीने विचारलं तर तोंडाने सांगायचं, नाही विचारलं तर तेही नाही. पहिला आठवडा पाव दगड, दुसरा आठवडा वीट, तिसऱ्या आठवड्यात खाता येण्याजोगा. दुपारी हिला जाग असायची. त्रैराशिकावर अडली की चिमणी शेजारी बसायची, आणि तीही हात मांडीखाली घालून. "मी उत्तर सांगणार नाही हं काकू," म्हणायची, "माझे हात बांधलेत." पुढच्या चाचणीत सुनेचा कागद भरलेला होता. निम्मं चुकलेलं होतं, पण भरलेलं होतं.

बैठकीचा दिवस आला. साबण वाळवायची जी लांब खोली होती, तिथे सगळे गोल बसले होते. घरच्यांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती, बोलायची नाही. मी काठी टेकत गेले. सून मधल्या खुर्चीवर. ती धरून विद्यार्थी आणि शिकवणारे मिळून किती, हे मी आधीच मोजून ठेवलं होतं: छत्तीस. तिला सोडून पस्तीस बोलणार. दहा कच्चे झाले की संपलं. माझ्या हाताला बोटं दहाच, ते बरं झालं.

पहिले पाच-सहा पक्की म्हणाले. मग सुतारशेडचा एक विद्यार्थी उठला. "मी पाणी प्यायला गेलो तर काकूंनी माझ्या करवतीला धार लावून ठेवली. गेल्या महिन्यात. मला धार लावायला शिकायचं होतं. कच्ची." माझं एक बोट दुमडलं. धुलाईतली एक म्हणाली, "माझ्या घड्या तीनदा मोडून परत घातल्या. कच्ची." दुसरं बोट. सून मान खाली घालून ऐकत होती. एक म्हणाला, पूर्वी कच्च्या होत्या, आता परवा माझा वाफा वाकडा असताना नुसत्या बघून गेल्या, पक्की. मी एक बोट उघडायला निघाले होते, मग लक्षात आलं की तसं चालत नाही.

असं करत करत सात बोटं मिटली. मग भट्टीमास्तर उठले. त्यांच्या दिवसाच्या दहा वाक्यांतली चार त्यांनी इथे खर्च केली. "हात लावत नाही आता. पण उसासे टाकते. उसासा म्हणजे पण हातच. कच्ची." माझं आठवं बोट.

मुख्य बाई म्हणाल्या, "महिन्यापूर्वी कच्ची म्हटलं असतं. आज पक्की म्हणते. पण माझी नजर राहील." त्यानंतर आणखी एकाने कच्ची म्हटलं. नऊ. फक्त उजवा अंगठा उरला. आणि माणसांत फक्त चिमणी उरली, कारण जोडीदाराने शेवटी बोलायचं असा तिथला नेम होता.

चिमणी उभी राहिली.

"काल," ती म्हणाली, "माझी पाळी होती. पाव भट्टीत होता. काकू उठल्या आणि भट्टीच्या दाराला हात घातला."

माझा अंगठा दुमडायला निघाला.

"मी म्हटलं, काकू, हात. त्यांनी हात काढला. परत जाऊन बसल्या. मला वाटलं अजून वेळ आहे. वेळ नव्हता. पत्र्यावरचे आठ पाव खालून करपले. त्यांना वास आला होता, मला नव्हता आला. त्या बघत बसल्या. उसासा टाकला, मास्तर म्हणतात ते खरं आहे. पण मी दार उघडेपर्यंत उठल्या नाहीत." ती थांबली. "आज सकाळी वास मला आधी आला. त्यांच्या आधी. पक्की."

अंगठा तसाच उभा राहिला. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

सून रडली नाही. बैठक उठल्यावर सगळे खुर्च्या उचलून भिंतीकडे लावायला लागले. तिने फक्त आपली उचलली.

निळं कापड घेऊन ती घरी आली. रविवारी जेवण झालं, नवऱ्याने भांडी घासली, आणि ती माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली.

"आई, बसू?"

"बस की."

"शिवायचं मला एकटीला आहे. नेमच आहे तिथला."

"मला सांगतेस?" मी म्हटलं. "मी तिथे नऊ बोटं दुमडून आलेय."

मी स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत त्या मशीनसमोर दुसरं कुणी बसलं आणि मी स्टुलावर, असं झालं नव्हतं. तिने सुई ओवली, सहाव्या प्रयत्नात. कापडाला खडूने खुणा केल्या. पहिली टीप मारली. मशीनच्या आवाजावरूनच मला कळलं की वरचा दोरा सैल आहे. खालून गुंताडा होत असणार. माझे हात मांडीवरून उठले. तिने वर बघितलं नाही, पण पाय थांबवला.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले.

वीतभर पुढे गेल्यावर तिने कापड उलटं केलं, तिला गुंताडा दिसला. "आई, हे असं का होतं?" आता तिने विचारलं होतं, तेव्हा तोंडाने सांगायला हरकत नव्हती. मी सांगितलं. तिने उसवलं, वरच्या दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू एक फेरा आवळला, परत बसली. दुपार सगळी त्यात गेली. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मधेच मुलगा डोकावला.

"आई, तुझे हात कुठे गेले?"

"कामावर आहेत," मी म्हटलं. "त्रास देऊ नकोस."

शेवटी तिने खिसा लावला. डावीकडून बोटभर खाली गेला होता, ते मला दारातूनही दिसलं असतं. तिने एप्रन अंगाला धरला आणि विचारलं, "सरळ आहे का?"

"नाही."

"किती वाकडा आहे?"

"बोटभर."

तिने खाली वाकून खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उसवू?"

"तुझा एप्रन आहे," मी म्हटलं. "मला काय विचारतेस."

तिने खिसा तसाच ठेवला आणि दोरा तोडून टाकला. सोमवारी सकाळी तोच घालून गेली. खिशात पेन्सिल होती, आणि खिसा वाकडा म्हणून पेन्सिलही वाकडी. मी खिडकीत उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होते. मग आत आले. मशीनखाली दोऱ्याचे तुकडे पडले होते. ते उचलायला वाकले, आणि तसेच राहू दिले. संध्याकाळी आल्यावर ती उचलेल. तिचे आहेत.